मधला आकडा

९ ऑक्टो. २००२, बुध.

आज काळजात धस्स झालं. शिवलिंगनं माझ्या कॉम्प्युटरवर एक प्रोग्राम घातला, आतलं टेंपरेचर दाखवणारा. पडद्यावर तीन आकडे आले. ३८, ५१, १२७. एकशे सत्तावीस! मी ओरडलो आणि भिंतीवरचं बटणच बंद केलं. शि. पोट धरून हसत बसला. "अण्णा, तिसऱ्या जागंला तारच जोडलेली न्हाय. तार नसली की त्यो काय बी दावतोय. पयला आकडा डब्यातल्या हवंचा. मधला प्रोसेसरचा. मधला तेवढा बघत जावा."

मधला ५१. ठीक आहे म्हणे. पंच्याहत्तरच्या वर गेला तर मशीन आपोआप बंद पडेल, असा बंदोबस्तही करून ठेवलाय. गडी हुशार. तीन वर्षं झाली शाहूपुरीच्या या खोलीत आम्हाला. आत मी पंपांच्या ओतकामाच्या पॅटर्नची ड्रॉइंग काढतो, बाहेरच्या टेबलावर तो कॉम्प्युटर जोडतो, दुरुस्त करतो. हे मशीनही त्यानंच जोडलेलं. दुपारचा डबा एकत्र. त्याच्या अव्वाच्या, म्हणजे आईच्या, शेंगाचटणीवर माझा हक्क सांगून झालाय.

घरी वडिलांना, आबांना, सांगितलं. आबा म्हणाले, "एक्कावन्न? मग गारच हाय की. मानसाला अठ्ठ्याण्णव असतंय." डॉक्टरचा ताप वेगळ्या मापात आणि हे वेगळ्या मापात, हे समजावताना माझंच डोकं तापलं. चाळीस वर्षं भट्टीवर काढली त्यांनी. लोखंडाचा रस नुसत्या डोळ्यांनी ओळखायचे. आकड्याशी त्यांचं कधी जमलंच नाही.

१४ ऑक्टो., सोम. खंडेनवमी

शि. काल गावी गेला, गडहिंग्लजच्या पलीकडे. दसरा आहेच, शिवाय अव्वानं मुलगी बघायला बोलावलंय. सांगताना कानापर्यंत लाल झाला होता.

सकाळी आबांना घेऊन खोलीवर गेलो. पूजेला बसणारं हत्यार धातू दिसेपर्यंत घासायचं, तेलाचा वा मळाचा ठिपका राहता कामा नये, हा आबांचा जुना दंडक. कर्कटक, पट्ट्या, कानशी, हातोडी, सगळं रॉकेलनं पुसलं. मग आबांचं लक्ष कॉम्प्युटरकडे गेलं. "ह्येला का सोडलास? ह्येच्यावरच पोट हाय न्हवं?" खरंच की. डबा उघडून धूळ काढली. पंखा सोडवला, त्याच्या खालची ॲल्युमिनियमची फणीही सोडवली. फणीच्या बुडाला आणि खालच्या चिपवर करडा, चिकट राडा बसलेला. दोन वर्षांचा मळ! रॉकेलच्या बोळ्यानं पार काढून टाकला. आबांनी फणीचं बूड फडक्यानं असं घासलं की त्यात तोंड दिसावं.

जसं होतं तसं बसवलं. झेंडूचा हार, हळदकुंकू, नारळ. बटण दाबलं, सुरू झालं. आबा खूश, मीही खूश.

१८ ऑक्टो., शुक्र.

हे काय नवीन! दुपारी पंपाच्या ड्रॉइंगचं शेवटचं टोक ओढत होतो आणि पडदा काळा. वीज होती, वरचा पंखा फिरत होता. मशीन तेवढं बंद. दोन तासांचं काम गेलं. परत सुरू करून आकडे बघितले. ३९, ७४, १२७.

चौऱ्याहत्तर! दहा दिवसांपूर्वी एक्कावन्न होता. उन्हाळा नाही, काही नाही.

१९ ऑक्टो., शनि.

शि. आला. आधी मुलीचं सांगितलं, कारण त्याला राहवतच नव्हतं. मुलगी बी.एस्सी. आहे, दोघांची पसंती झालीय, आता तिच्याकडची माणसं चौकशीला येतील. मी पाठीवर थाप मारली. मग त्याला पडदा दाखवला. चेहरा उतरला त्याचा.

"अण्णा, मी नसताना डबा उघडलंतासा?"

"कोण उघडणार?" म्हटलं.

त्यानं आत बोट घालून फणीला लावलं. "वरचं गार हाय."

"मग झालं की!"

"म्हणून तर भ्या वाटतंय. ऊन खालीच अडाकलंय, वर यीना झालंय. एकदा खोलून बघू द्या."

सोमवारी ड्रॉइंग द्यायचंय, आत्ता कसलं खोलतोस, म्हणून वसकन ओरडलो त्याच्यावर. गार आहे म्हणून भीती वाटते! असलं लॉजिक जन्मात ऐकलं नव्हतं.

२३ ऑक्टो., बुध.

कालपासून चार वेळा बंद. ड्रॉइंग दिलं एकदाचं, पण दोन दिवस उशिरा, आणि पार्टीचं नाही ते ऐकून घेतलं.

आज आबांना मुद्दाम खोलीवर आणलं. त्यांनी मशीन चालू असताना फणीवर बोट टेकवलं, बराच वेळ ठेवलं. "ह्येला ताप म्हंत्यात? ह्येच्यापरीस माझा हात ऊन हाय." आबांचा हात म्हणजे हात. त्यावर आमच्या घरात कधी दुसरं मत झालं नाही.

मग आकडा तरी खोटा, नाहीतर चिप तरी खोटी. बाहेर चहा पिताना एक गिऱ्हाईक सांगत होतं, हल्ली जुने प्रोसेसर घासूनपुसून नवे म्हणून खपवतात. ऐकलं आणि डोक्यात किडा शिरला. मशीन जोडलं कुणी? शि.नं. तिसरा आकडा खोटा म्हणून कोण सांगतं? शि. पहिला बिनकामाचा म्हणून कोण सांगतं? शि. मधला तेवढा खरा!

तो परत म्हणाला, "अण्णा, पाच मिंटं. नुसतं खोलून बघतो." मी म्हटलं, हात लावायचा नाही. उघडल्यावर आतलं काय बदलेल, कुणी सांगावं. हे तोंडानं बोललो नाही. पण चेहऱ्यावर असणारच.

२७ ऑक्टो., रवि.

आज जे झालं ते लिहावं की नको, अशा विचारात तासभर बसलो.

सकाळी काम उरकायला खोलीवर गेलो होतो. अकरापर्यंत मशीन तीनदा मेलं. तिसऱ्यांदा मेलं आणि तेवढ्यात दारात दोन पाहुणे. मुलीचे वडील आणि मामा. शि. नाही हे बघूनच आलेले, चौकशीची तीच रीत. चहा मागवला. वडील म्हणाले, "पोरगा तुमच्या शेजारी बसतोय म्हणं. तुम्ही थोरलं भाऊ असल्यागत. कसा हाय, तेवढं खरं सांगा."

सांगितलं. निर्व्यसनी आहे. कष्टाळू आहे. आईचा शब्द मोडत नाही. एवढ्यावर थांबायला काय झालं होतं मला? समोर तो काळा पडदा. आणि म्हणून गेलो, "पण मशीनीत जुना माल घालतोय, नवा म्हणून."

मामांनी वडिलांकडे बघितलं. चहा अर्धा ठेवून उठले दोघं.

घरी बायकोला, सुमनला, सांगितलं. तिनं लाटणं खाली ठेवलं. "तुम्ही बघितलाय जुना माल?"

"नाही."

"मग?"

मग काय? मग काही नाही. खोटं बोललो असंही नाही, खरं बोललो असंही नाही.

३० ऑक्टो., बुध.

स्थळ मोडलं.

शि. अकराला आला. बसला नाही. "अण्णा, तुम्ही म्हटलासा?"

"जे दिसलं ते सांगितलं."

"काय दिसलं?"

मी पडद्याकडे बोट दाखवलं. दुसरं दाखवायला होतं काय? तो आता भांडेल, शिव्या देईल, असं वाटलं होतं, मी तयारीत होतो. त्यानं स्क्रू ड्रायव्हर, सोल्डरिंगची बंदूक, दोन उघडी मशीनं, सगळं एका खोक्यात भरलं आणि टेम्पो बोलावला. शाहूपुरीत दोन दुकानांनी आधीच त्याच्याकडची मशीनं परत नेली होती, हे मला आज टेम्पोवाल्याकडून कळलं. म्हणजे पाहुण्यांनी वाटेत आणखी चारजणांना विचारलं असणार, माझं नाव सांगून.

जाताना दारात म्हणाला, "त्यो पंच्याहत्तरचा बंदोबस्त काढू नगासा. मशीन जळंल."

त्याचं लग्न मी मोडलं, आणि हा माझ्या मशीनची काळजी करतोय. का हेही नाटकच? रागाच्या भरात मला नाटक वाटलं. आत्ता लिहिताना तसं वाटत नाही. पण आत्ता वाटून काय.

८ नोव्हें., शुक्र.

दिवाळी गेली. फराळाला शि. नाही, हे तीन वर्षांत पहिल्यांदा. आबांनी दोनदा विचारलं, "त्यो लिंगायताचा पोरगा का न्हाय आला?" सुमननं माझ्याकडे बघितलं, मी करंजीकडे.

कामं तुंबलीत. दर वीस मिनिटांनी मशीन बंद. शेवटी बंदोबस्त काढून टाकला, प्रोग्राममध्ये एक खूण पुसली की झालं. आणि चालतंय! सलग चार तास चाललं. मधला आकडा ८९ दाखवत होता. दाखवू दे. आकड्यांची ती खिडकीच मिटवून टाकली.

११ नोव्हें., सोम.

जळका वास. पडदा गेला. आवाज नाही, काही नाही. बटण दाबतोय, दाबतोय.

जळालं. तो म्हणाला होता तसंच.

१३ नोव्हें., बुध.

मशीन राजारामपुरीत एका ओळखीच्या दुरुस्तीवाल्याकडे नेलं. त्यानं डबा उघडला, पंखा आणि फणी काढली. उलटी करून बघितली आणि मला विचारलं, "पेस्ट कुणी काढली?"

"कसली पेस्ट?"

"हितं करडी पेस्ट असती. चिपचं ऊन फणीत न्यायला. ती नसली की मधी हवा राहती, ऊन वर जातच न्हाय. फणी गार आणि चिप जळती. ह्ये तर कुणीतरी पार चकचकीत केलंय की."

खुर्ची घ्यायला लागली. त्या माणसानं पाणी दिलं. त्याला वाटलं, मशीन गेल्याचा धक्का बसलाय.

करडा राडा. दोन वर्षांचा मळ! घरी येऊन ही वही उघडली आणि १४ तारखेचं पान काढलं. माझ्याच अक्षरात आहे सगळं. बोळा, रॉकेल, तोंड दिसेपर्यंत. आणि चारच दिवसांनी ७४. मधल्या पानावर दुसरं काहीसुद्धा नाही. वही माझी, पानं माझी, वाचायला मात्र महिना लागला. त्यानं विचारलं होतं, डबा उघडलात का? मी म्हटलं, कोण उघडणार. खोटं नव्हतो बोलत. वहीत 'डबा उघडून' लिहिलंय, तरी माझ्या लेखी मी उघडलं नव्हतं, पुसलं होतं. पूजेसाठी पुसणं हे उघडण्यात धरायचं असतं, हे डोक्यातच आलं नाही.

एक शेवटची आशा होती, ती लाज वाटली तरी लिहितो. वाटलं, पेस्ट असेल, पण चिप तरी जुनी निघेल. माळ्यावरून प्रोसेसरचा खोका काढला. खोक्यावरचा नंबर आणि जळलेल्या चिपवरचा नंबर एकच. नवी कोरी होती. पहिल्या दिवसापासून नवी कोरी.

आबांना सांगितलं. "मग आधी कुणी सांगिटलं न्हवतं व्हय, पुसायचं न्हाय म्हणून?" एवढंच म्हणाले. मग स्वतःच्या बोटांकडे बघत बसले. त्यांना काय बोलणार? हात त्यांचा होता, पाहुण्यांसमोर उघडलेलं तोंड माझं होतं.

१७ नोव्हें., रवि.

कबनूरला जाऊन आलो. शि. तिथं मावसभावाच्या यंत्रमागावर कामाला लागलाय. ज्याच्या बोटांनी केसाएवढ्या तारा जोडल्या, तो सुताच्या कांड्या बदलतोय.

यंत्रमागाच्या खडखडाटात शेजारच्याचं ऐकू येत नाही. वाटभर मनाशी जुळवत आलो होतो, हळू आवाजात, समजुतीनं बोलायचं. तिथं बोंबलावं लागलं. "मीच पुसलं!"

"काय?"

"पेस्ट! मी पुसली! रॉकेलनं! खंडेनवमीला!"

चार कामगार वळून बघायला लागले. अख्ख्या कारखान्यासमोर ओरडून सांगितलं. बरंच झालं, मी म्हणतो. शाहूपुरीत हळू बोललो होतो, त्याची भरपाई.

मग त्यानं बाहेर नेलं. पहिला प्रश्न, "मशीन?"

"जळालं."

"बंदोबस्त काढलासा."

"व्हय."

भिंतीला टेकून बसला. "मी इचारलंतं, उघडलंतासा का. पाच मिंटं द्या म्हटलंतं. एकदा न्हाय, दोनदा."

माफी मागितली, पाया पडायला वाकलो तर त्यानं दंड धरून उभं केलं, जरा जोरातच. "माझ्याफुडं म्हणून काय उपेग, अण्णा? मला ठावंच हाय मी काय बसवलंतं. ज्येंच्याफुडं म्हटलासा त्येंच्याफुडं म्हणा."

"चल माझ्याबरोबर."

"मी न्हाय यायचा. मी कशाला तोंड दावू? चोर मी न्हाय."

आत गेला. मागाचा आवाज परत सुरू.

२१ नोव्हें., गुरु.

मुलीच्या गावी जाऊन आत्ताच आलो. एस.टी.नं अंग मोडलंय, पण आजच लिहितो, उद्यापर्यंत यातलं एखादं वाक्य माझ्या सोयीनं फिरायला नको.

जळकी चिप, खोका आणि फणी बरोबर नेली होती. चिप रुमालात बांधलेली. पुढच्या सोप्यात मुलीचे वडील, मामा, आणि दाराआड बायका. मी एका दमात सगळं सांगितलं. खंडेनवमी, रॉकेल, फणीचं तोंड दिसणारं बूड, आबांचं बोट, माझा संशय. खोक्यावरचा आणि चिपवरचा नंबर दाखवला. पोरगा सोन्यासारखा आहे म्हटलं. नालायक मी आहे, असंही म्हटलं.

मग मुलगीच बाहेर आली. कुणी बोलावलं नव्हतं. मामा "आत जा" म्हणाले, ती गेली नाही. चिप हातात घेतली, फणी घेतली, एकमेकांवर टेकवून बघितली.

"वरचं गार लागत हुतं, आणि आकडा चढत हुता?"

"व्हय."

"मग मधी कायतरी न्हाय, ह्ये कळाय नगो?"

जे मला महिनाभर कळलं नाही, आबांना कळलं नाही, ते या पोरीनं उभ्याउभ्या सांगितलं. आणि नेमकं तेच सांगणाऱ्याला मी खोटा पाडला होता.

"त्येनी सांगिटलं न्हवतं?" तिनं विचारलं.

"सांगिटलंतं. मी ऐकलं न्हाय."

वडील इतका वेळ खाली बघत होते. वर बघून शांतपणे म्हणाले, "पावणं, त्या दिशी बी तुम्हीच सांगिटलासा. आज बी तुम्हीच सांगताय. त्या दिशी बी तुमच्या तोंडावर असंच खरंपण हुतं. आमी कुठलं धरायचं?"

नंबर दाखवून झाला होता, खोका दाखवून झाला होता. माझा शब्द तेवढा उरला होता, आणि त्याला आता त्या सोप्यात काही किंमत नव्हती. ते बरोबरच विचारत होते. त्यांच्या जागी मी असतो तर माझ्यासारख्याला दाराबाहेरच काढलं असतं.

मामांनी सांगितलं, ऐतवारी दुसरीकडची मंडळी बघायला येणार आहेत. निपाणीकडचा मुलगा आहे, सरकारी नोकरीत. मुलगी "अप्पा" एवढंच म्हणाली आणि आत गेली. वडिलांनी होही म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. मला चहा दिला. संपेपर्यंत कुणी उठलं नाही, मी मात्र तो कसा संपवला ते मला ठाऊक.

एस.टी.त बसल्यावर खिशातला रुमाल चाचपला. रिकामा. खोका आणि फणी पिशवीत होती, चिप नव्हती. ती घेऊनच मुलगी आत गेली होती, आणि ती परत द्यायची आठवण त्या घरात कुणालाच झाली नव्हती. मागायची मलाही नाही.

आज गुरुवार. उद्या पहाटेच्या गाडीनं परत कबनूर, ऐतवाराच्या आत शि.ला त्या घरी न्यायला. शि. नाही म्हणेल, तर त्याच्या दारात बसून राहीन.